'अब्दुल' अशी हाक मारायची की नाही? (अर्ध्या नावाचा धागा)

गणितवाला

मंडळी, कॅम्पात माझा दहावीचा गणिताचा क्लास आहे. यंदाच्या बॅचला अब्दुल समद, अब्दुल हादी आणि अब्दुल कय्यूम अशी तीन पोरं आलीयेत, आणि हजेरीच्या अ‍ॅपात फक्त पहिलं नाव दिसतं, त्यामुळे यादीत एकाखाली एक अब्दुल, अब्दुल, अब्दुल. परवा समदचे वडील फी भरायला आलेले, एकदम सज्जन माणूस, जाता जाता म्हणाले सर एक रिक्वेस्ट होती, त्याला समद म्हणा नाहीतर पूर्ण अब्दुल समद म्हणा, नुसतं अब्दुल म्हणजे नाव होत नाही. मी बरं म्हणलं. पण डोक्यात किडा वळवळतोय. लहानपणापासून सायकलवाला अब्दुलचाचा, गॅरेजवाला अब्दुल, सगळीकडे अब्दुलच ऐकलंय की. आणि राष्ट्रपती अब्दुल कलाम? ते पण अर्धंच नाव का?

जाणकारांनी सांगा. नावाचा अर्थ, इस्लाममधे त्याचं काय स्थान आहे, कोण कोण प्रसिद्ध लोक या नावाचे आहेत, सगळं चालेल. धर्म चांगला की वाईट हा विषय नाही, त्याला वेगळे धागे आहेत, तिकडं जाऊन भांडा.

नसरीन_कोंढवा

त्या वडिलांचं बरोबर आहे सर.

अब्द म्हणजे बंदा, दास, सेवक. इबादत शब्द तर तुम्हाला गाण्यांमुळं माहितीच असेल, तो याच धातूतला. आबिद, आबिदा ही नावं पण त्यातलीच. आणि 'अल' हे अरबीतलं इंग्रजी 'the' सारखं उपपद समजा, पुढच्या शब्दाला चिकटतं. म्हणजे अब्दुल एवढंच म्हणलं तर त्याचा अर्थ होतो '...चा दास'. कोणाचा ते पुढं येतं, आणि खरं नाव तिथं असतं. पुढं येणारा शब्द बहुतेक वेळा अल्लाहच्या ९९ नावांपैकी एक असतो, अस्मा-उल-हुस्ना म्हणतात त्यांना, आमच्याकडं पोरांकडनं पाठ करून घेतात.

तुमची तीन पोरं बघा. समद म्हणजे ज्याच्यावर सगळे अवलंबून आणि जो कोणावर अवलंबून नाही. कुराणात सूरह इख्लासमधे आहे (सूरह म्हणजे अध्याय), अल्लाहुस्समद, चारच आयतांची सूरह आहे, नमाज शिकणाऱ्या पोराला अगदी सुरुवातीला येते ती. हादी म्हणजे वाट दाखवणारा. कय्यूम म्हणजे जो स्वतःच्या आधारावर कायम आहे आणि बाकी सगळ्यांना धरून आहे, हे कुराणातल्या आयतुल कुर्सी या आयतीमधे येतं. आता तिघांनाही अब्दुल म्हणलं तर अर्थाचा भाग गेला आणि फक्त 'चा दास, चा दास, चा दास' उरलं 😄

पैगंबरसाहेबांची एक हदीस, म्हणजे वचन, आहे, सहीह मुस्लिम या संग्रहामधे, की अल्लाहला सगळ्यात प्रिय नावं म्हणजे अब्दुल्लाह आणि अब्दुर्रहमान. त्यामुळे दास असण्यात कमीपणा वगैरे काही नाही, उलट हीच नावं सगळ्यात वरची मानतात. पैगंबरांच्या वडिलांचं नाव पण अब्दुल्लाहच होतं.

कसबा_पेठी

म्हणजे आमचा रामदासच की हो. आमच्या वाड्यात एक रामदास होता, त्याला कोणी कधी 'दास्या' म्हणलं नाही, राम्याच म्हणायचे. तसंच समदला समद्या म्हणा. प्रश्न मिटला, धागा बंद करा.

नसरीन_कोंढवा

@कसबा_पेठी काका, एवढं सोपं असतं तर काय हवं होतं. खरी गंमत पुढं आहे.

आमच्या मोठ्या मामूंचं नाव अब्दुल रज्जाक. रज्जाक म्हणजे रोजी देणारा. मोहल्ल्यात सगळे त्यांना रज्जाकभाई म्हणतात, दुकानाच्या पाटीवर पण रज्जाकभाईच आहे. पण आमचे मशिदीतले मौलाना कधीच नुसतं रज्जाक म्हणत नाहीत. ते म्हणतात रोजी देणारा एकच, माणूस रज्जाक कसा होईल, माणूस त्याचा बंदा. म्हणून दर वेळेला न चुकता पूर्ण अब्दुर्रज्जाक. समद, रहमान, कय्यूम, खालिक, कुद्दूस या नावांचं पण तेच, ही फक्त अल्लाहसाठी राखलेली मानतात. करीम, रहीम, रशीद, हादी, अजीज अशा नावांना मात्र तेवढी सक्ती नाही कारण माणूस पण दयाळू असू शकतो, दिलदार असू शकतो. कुराणात एका ठिकाणी खुद्द पैगंबरांसाठी रहीम शब्द वापरलाय, पण रहमान फक्त अल्लाहसाठीच येतो.

म्हणजे बघा, अब्दुल म्हणलं तर कमी पडतं आणि समद म्हणलं तर जास्त होतं.

आणि हे सगळं सांगून झाल्यावर, आमची नानी तिच्या या मोठ्या मुलाला शेवटपर्यंत 'अब्दुल' म्हणूनच हाक मारायची. पाच वेळची नमाजी बाई. तिला कोण शिकवणार.

कसबा_पेठी

हे मला भारी वाटलं. आपल्याकडं बरोबर उलटं आहे. आपण देवाचं नाव डायरेक्ट पोराला ठेवतो, नारायण, विठ्ठल, गोविंद, का तर हाक मारता मारता तोंडी नाम येतं. अजामिळाची गोष्ट आहे ना, जन्मभर नाही नाही ते धंदे केले आणि मरताना पोराला "नारायणा" म्हणून हाक मारली आणि तरला. तिकडं त्याच देवाच्या नावाचा मान राखायचा म्हणून माणसाच्या नावाआधी अब्द लावून ठेवतात. दोघांचंही लॉजिक पटतं राव.

बाकी रामदासांचं मूळ नाव नारायण, हे जाता जाता.

हिंजवडीचा_हमाल

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पुढे?

लिपीवेडा

अरबी थोडं शिकलोय म्हणून दोन पैसे टाकतो.

मुळात 'अब्दुल' हा तुकडाच आपण चुकीच्या जागी तोडलाय. अरबीत शब्द दोन, 'अब्दु' आणि 'अल-करीम'. त्यातला 'उ' पहिल्या शब्दाची विभक्ती आणि 'ल' दुसऱ्या शब्दाचा. बोलताना जोडून अब्दुलकरीम. आपण त्या दुसऱ्या शब्दाचा ल खेचून पहिल्याला लावला आणि त्याचं स्वतंत्र नाव केलं. अरबी माणसाला नुसतं 'अब्दुल' ऐकलं की वाक्य अर्ध्यात सोडल्यासारखं वाटतं. अर्थात 'अब्दो' हे लाडाचं नाव इजिप्तमधे सर्रास चालतं, त्यात ल नाही बघा.

दुसरी गंमत, अरबीत २८ अक्षरं, त्यातली १४ सूर्याक्षरं आणि १४ चंद्राक्षरं. सूर्याक्षर पुढं आलं की 'अल' मधला ल त्या अक्षरात विरघळतो. र, स, श, न, द, त, ज़ वगैरे सूर्याक्षरं. म्हणून लिहिताना अब्द-अल-रहमान पण उच्चार अब्दुर्रहमान. अब्दुस्समद, अब्दुस्सलाम, अब्दुस्सत्तार, अब्दुर्रशीद. आणि क, ह, ग, म, व ही चंद्राक्षरं, तिथं ल शाबूत, अब्दुल करीम, अब्दुल हमीद, अब्दुल गफ्फार, अब्दुल मजीद, अब्दुल वहीद. जीभ टाळूला लावून र म्हणून बघा आणि मग क म्हणून बघा, र ची जागा ल च्या शेजारीच आहे, म्हणून ल गिळला जातो. नियम पाठ करायची गरजच नाही, तोंडच सांगतं.

त्यामुळे गणितवाले, तुमचा पोरगा खरं तर अब्दुस्समद. बाकीचे दोन मात्र अब्दुल हादी, अब्दुल कय्यूमच.

गणितवाला

बाप रे. म्हणजे तिघांत मुळात अब्दुल दोनच 😂 हे उद्या पोरांना सांगतो.

मिरजेचा_तानपुरा

अब्दुल नावाचा धागा, पुण्यातले लोक, आणि अजून कोणी खाँसाहेबांचं नाव काढलं नाही? सवाईला स्वेटर घालून रात्री जागवलेली माणसं ना तुम्ही?

अब्दुल करीम खाँ. मूळ कैराना गावचे, उत्तर प्रदेशातले, म्हणून घराणं किराणा. १८७२ चा जन्म. बडोद्याला दरबारात होते, तिथं ताराबाई माने या राजघराण्याच्या नात्यातल्या मुलीशी सूर जुळले आणि दोघं बडोदा सोडून निघाले. १९१३ मधे पुण्यात त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढलं. रामभाऊ कुंदगोळकर त्यांचे शिष्य, म्हणजे सवाई गंधर्व, आणि त्यांचे शिष्य भीमसेन जोशी. १९५३ पासून पुण्यात जो महोत्सव चालतो त्याचं मूळ धरत मागं गेलात की या अब्दुल करीमपाशीच पोचता.

आता नावाच्या धाग्याला लागू पडेल असं सांगतो. खाँसाहेब आणि ताराबाईंच्या मुलांची जन्माची नावं अब्दुल रहमान, चंपाकली, सकीना अशी. पुढं ताराबाई वेगळ्या झाल्या, मुलांना घेऊन, आणि मुलांची नावं बदलली. अब्दुल रहमानचे झाले सुरेशबाबू माने. चंपाकली म्हणजे हिराबाई बडोदेकर. सकीना म्हणजे सरस्वती राणे. प्रभाताई अत्रे सुरेशबाबूंकडं शिकल्या, माणिक वर्मा पण. आता गंमत बघा, नसरीनताईंनी जी हदीस सांगितली त्यातलं सगळ्यात प्रिय दोन नावांपैकी एक या पोराचं होतं आणि तो आख्ख्या महाराष्ट्राला माहिती झाला सुरेशबाबू म्हणून. आणि गाणं तेच, बापाचं.

खाँसाहेब गेले २७ ऑक्टोबर १९३७ ला, मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेत सिंगपेरुमाळ कोईल स्टेशनवर. मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन आहे. दर वर्षी उरुसाला तिथं गाणं होतं, मोठमोठे गायक येऊन हजेरी लावतात. मी लहान असल्यापासून जातोय, भारतीय बैठक, समोर दर्गा, तिकीट नाही काही नाही.

शनिवारवाडा_रिटर्न्स

सुरेशबाबूंचं माहिती नव्हतं!! हिराबाईंच्या रेकॉर्ड आमच्या आजीकडं होत्या, लहानपणी ग्रामोफोनवर ऐकल्यात. साष्टांग.

हिंजवडीचा_हमाल

माझी शंका. अब्दुल कलाम आझाद की अबुल कलाम आझाद? आमच्या शाळेच्या जयंतीच्या फलकावर एका वर्षी हे तर एका वर्षी ते.

लिपीवेडा

अबुल. हा गोंधळ सार्वत्रिक आहे, छापील पुस्तकांत पण.

अब्दुल = चा दास. अबुल = चा बाप. दोन्हीचा काडीचा संबंध नाही. अबू लावून जे नाव होतं त्याला कुनियत म्हणतात. साधारण मोठ्या मुलाच्या नावानं असतं पण गुणावरनं, सवयीवरनं पण पडतं. पैगंबरांच्या साथीदारांपैकी एक अबू हुरैरा, म्हणजे मांजराच्या पिल्लाचा बाप, त्यांना मांजरं आवडायची. मौलाना आझादांचं जन्माचं नाव मुहियुद्दीन अहमद, जन्म मक्केचा, १८८८. अबुल कलाम म्हणजे वाणीचा बाप, वक्तृत्वाचा धनी म्हणा. आझाद हे टोपणनाव. म्हणजे ज्या तीन शब्दांनी आपण त्यांना ओळखतो त्यात घरी ठेवलेलं नाव एकही नाही. १९४२ नंतर आपल्या शेजारी नगरच्या किल्ल्यात कैदेत होते.

डॉ. कलाम मात्र अब्दुलच. अवुल पकीर जैनुलाब्दीन अब्दुल कलाम, तमिळ पद्धतीनं आधी पणजोबा, आजोबा, वडील आणि शेवटी स्वतःचं. कलाम हे त्या ९९ च्या प्रसिद्ध यादीत नाही, कलाम म्हणजे वाणी, कुराणाला कलामुल्लाह म्हणतात. आणि गणितवाले, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे बघा, देशानं त्यांना कधी 'अब्दुल सर' म्हणलं का? कलाम सरच म्हणलं.

अबू हुरैरा वरून आठवलं, त्यांचं इस्लामच्या आधीचं नाव अब्द शम्स होतं असं परंपरेत सांगतात. शम्स म्हणजे सूर्य. सूर्याचा दास. पैगंबरांनी बदलून अब्दुर्रहमान केलं. त्या काळी अरबांत अमक्या देवाचा दास, तमक्या मूर्तीचा दास अशी नावं रूढ होती. इस्लामनं नावाची ठेवण तीच ठेवली, फक्त पुढचा मालक बदलला.

कसबा_पेठी

मग अब्दुल मुत्तलिब? ते तर पैगंबरांचे आजोबा ना? मुत्तलिब पण देव का?

नसरीन_कोंढवा

नाही काका, मुत्तलिब त्यांचे चुलते. आजोबांचं खरं नाव शैबा, लहानपणी आईकडं यसरिबला होते, म्हणजे आत्ताचं मदीना. चुलते मुत्तलिब त्यांना मक्केला घेऊन आले, उंटावर मागं बसलेलं पोर बघून लोकांना वाटलं मुत्तलिबनं गुलाम विकत आणलाय, म्हणायला लागले अब्दुल मुत्तलिब आला. चुलते सांगून थकले असतील हा माझा पुतण्या आहे म्हणून. पण एकदा गावानं नाव पाडलं की पाडलं. तुमच्या पेठांत काय वेगळं होतं?

कसबा_पेठी

काही नाही. आमच्याकडं मारुतीला पण नावं पाडतात, माणसाचं काय घेऊन बसलात.

संपादक

एक प्रतिसाद काढून टाकला आहे. पंक्चर वगैरे विनोद इथे चालणार नाहीत. धागाकर्त्याने पहिल्याच पोस्टीत विनंती केली होती.

दापोडीचा_फौजी

बरं केलं. मी तो प्रतिसाद वाचला होता, लिहिणार होतो काहीतरी तेवढ्यात उडाला. तरी लिहितोच.

कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद, ४ ग्रेनेडियर्स. सप्टेंबर १९६५, खेमकरण सेक्टर, असल उत्तर. जीपवर बसवलेली रिकॉइललेस गन, समोर पॅटन टँक. ऊसाच्या शेतात दबा धरून टँक जवळ येऊ द्यायचा, मारायचा, आणि लगेच जीप हलवायची कारण गोळा सुटला की मागून एवढा जाळ आणि धूळ उठते की तुमची जागा उघडी पडते. थांबलात की संपलात. असे एकामागून एक टँक उडवले त्यांनी, शेवटी त्याच लढाईत गेले. परमवीर चक्र. ज्याला अब्दुल म्हणलं की पंक्चर आठवतं त्यानं हे पण आठवावं. बास, मी जास्त बोलत नाही.

(हमीद म्हणजे स्तुतीला पात्र, ९९ पैकीच. हे मला आमच्या युनिटच्या मौलवींनी सांगितलेलं.)

शनिवारवाडा_रिटर्न्स

+१०० फौजी.

आपले अंतुले पण या यादीत घ्या, बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले, १९८० ते ८२ मुख्यमंत्री, रायगडातल्या आंबेतचे. आमच्या कोकणात त्यांना नुसतं अंतुलेसाहेब, अब्दुल बिब्दुल कोणी म्हणलेलं मी ऐकलं नाही. आणि सरहद्द गांधी, खान अब्दुल गफ्फार खान. गफ्फार म्हणजे क्षमा करणारा ना? अहिंसावाल्याला बरोब्बर नाव.

हिंजवडीचा_हमाल

आंतरराष्ट्रीय यादी माझ्याकडून. अब्दुस सलाम, फिजिक्सचं नोबेल १९७९. अब्दुलरज़ाक गुर्ना, साहित्याचं नोबेल २०२१, जन्म झांझिबारचा. बास्केटबॉलवाला करीम अब्दुल-जब्बार, आधीचा ल्यू अल्सिंडर, १९७१ मधे नाव बदललं. आणि माझी लाडकी पॉला अब्दुल! तिचं तर आडनावच अब्दुल, आणि वडील सीरियातल्या ज्यू घराण्यातले. म्हणजे हे नाव फक्त मुसलमानांचं पण नाही??

लिपीवेडा

नाहीच. अरब ख्रिश्चनांत अब्दुल मसीह असतात, येशूचा दास. अब्दुल्लाह तर अरब ख्रिश्चन आणि ज्यू पण ठेवत आलेत, कारण अल्लाह हा अरबीत देवाला सरळ शब्द आहे. हिब्रूत ओबद्या, त्याचाही अर्थ देवाचा दास, बायबलात त्या नावाचं आख्खं पुस्तक आहे. धातू तोच.

बोहरी_आळी_हार्डवेअर

आमच्या आळीत या, तुम्हाला अजून वेगळे अब्दुल दाखवतो. आमच्या बोहऱ्यांत अब्दुलहुसेन नाव कॉमन, अब्दुलअली पण असतात. ९९ नावांमधलं नाही, इमामांचं नाव. आता काही लोक म्हणतात अब्द फक्त अल्लाहचाच, माणसाचा नाही, त्यांना हे चालत नाही. आमच्यात अब्दचा अर्थ इथं सेवक, चाकर असा घेतात, पूजा करणारा नाही. यावर पूर्वापार वाद आहे, इथं मिटणार नाही, मी पण मिटवायला बसलेलो नाही, दुकान उघडायचंय.

गुलाम नबी, गुलाम रसूल, गुलाम मोहम्मद ही नावं पण याच चालीवर बनलेली. अब्द नको तर गुलाम लावायचं.

आणि सगळे पुरुषांचंच बोलताय. मुलींचं पण असतं. अमत म्हणजे दासी, अमतुल्लाह. आमच्यात घरटी एक अमतुल्ला सापडेल. माझी आत्या अमतुल्ला, मिसेसची मावशी अमतुल्ला, लग्नाच्या पत्रिकेत कोणती कोण कळावं म्हणून सगळ्यांपुढं नवऱ्याचं नाव टाकावं लागतं.

सुगरणीचं_घरटं

अय्या हे माहितीच नव्हतं! अमतुल म्हणजे मग ती गांधीजींच्या आश्रमातल्या बीबी अमतुस सलाम, त्यांचं नाव याच प्रकारचं का? आमच्या आईच्या बोलण्यात यायचं त्यांचं नाव, नोआखालीत दंगल शमावी म्हणून उपोषणाला बसल्या होत्या त्या.

लिपीवेडा

हो, त्याच, पतियाळ्याच्या. अमत + अस-सलाम. स सूर्याक्षर म्हणून ल परत गायब. सलाम म्हणजे शांती, ते पण ९९ पैकीच.

नळस्टॉपचा_एचआर

मी दुसऱ्या टोकाकडून बोलतो. हे सगळं सांस्कृतिक वगैरे ठीक आहे, पण फॉर्ममधे 'फर्स्ट नेम' आणि 'लास्ट नेम' अशा दोन खिडक्या असतात आणि सगळी वाट तिथं लागते. आमच्याकडं एक जण जॉइन झाला, नाव अब्दुल रहमान, आडनाव लावतच नाहीत त्यांच्याकडं. सिस्टिमनं फर्स्ट नेम अब्दुल, लास्ट नेम रहमान केलं. ईमेलवर आलं 'डिअर अब्दुल', मीटिंगमधे परदेशी क्लायंट म्हणतो 'मिस्टर रहमान'. म्हणजे एकाच माणसाला दोघांनी दोन अर्ध्या नावांनी हाक मारली आणि नसरीनताईंच्या हिशोबानं दोन्ही चूक. तो बिचारा दोन्हीला ओ देतो. पीएफमधे वेगळं, पॅनमधे वेगळं, बँकेत तिसरंच, ते निस्तरताना त्याचे आणि माझे हाल कुत्रं खाईना.

गल्फला जाणाऱ्यांना तर जास्तच. यूएईनं २०२२ च्या नोव्हेंबरमधे नियम आणला की पासपोर्टवर एकच नाव असेल, आडनावाची जागा रिकामी, तर व्हिजिट व्हिसावर प्रवेश नाही. मग खुलासा केला की दुसऱ्या पानावर वडलांचं किंवा घराण्याचं नाव असेल तर चालेल. पण तोवर किती लोक एअरपोर्टवरून परत फिरले असतील.

माझा सल्ला, पोराचं नाव ठेवतानाच एका शब्दात लिहा. अब्दुलरहमान. गुर्ना लिहितात तसं. दोन तुकडे केलेत की कोणीतरी मधे कात्री लावणारच.

नसरीन_कोंढवा

एचआर साहेब, एका शब्दात लिहून पण बघितलंय. माझ्या भाच्याच्या शाळेत एकत्र लिहिलेलं, तर बाईंनी फोड करून परत अब्दुल आणि पुढचं वेगळं केलं, म्हणाल्या टायपिंग मिस्टेक वाटली 🙏

गणितवाला

धागा फारच भारी चाललाय, मी क्लासमधे पोरांना सांगितलं तर हादी म्हणतो सर मला अब्दुलच म्हणा, मला सवय आहे, घरी पण अब्दुलच म्हणतात. कय्यूम म्हणतो मला एके म्हणा. समद काही बोलत नाही, त्याला मी आता अब्दुस्समद म्हणतो आणि बाकीची पोरं हसतात, उच्चार मला जमत नाही म्हणून.

पण नळस्टॉपवाल्यांमुळं एक खरी अडचण समोर आली. समदच्या आधारवर 'अब्दुस समद' आहे आणि शाळेत 'अब्दुल समद' आहे. वडील विचारत होते बोर्डाच्या फॉर्ममधे कोणतं टाकायचं. तज्ज्ञांनी सांगा, लिपीच्या नाही, कागदाच्या तज्ज्ञांनी.

लिपीवेडा

लिपीनुसार अल-समद लिहिलं तरी बरोबर आणि अस-समद बोललं तरी बरोबर, त्यामुळे दोन्ही...

नळस्टॉपचा_एचआर

लिपीवेडे, तुम्ही थांबा. क्लार्कला सूर्याक्षर सांगायला जाऊ नका, फॉर्म परत येईल.

नसरीन_कोंढवा

सर, बोर्डात तेच नाव जातं जे शाळेच्या जनरल रजिस्टरला आहे. दहावीचं सर्टिफिकेट हातात आलं की पुढं जन्मभर प्रत्येक जण तेच मागतो. त्यामुळे जे ठेवायचं ते आत्ता ठरवा. आधी जन्माचा दाखला बघा, त्यावर काय आहे. दाखला आधारशी जुळत असेल तर वडलांनी दाखल्याची कॉपी जोडून शाळेत अर्ज द्यावा, जनरल रजिस्टरला दुरुस्ती करून घ्यावी, पोरगा शाळेत आहे तोवर हे सोपं असतं, शाळा सोडली की फार चकरा पडतात. आणि दाखला शाळेशी जुळत असेल तर शाळेचं तसंच राहू द्या, आधार बदला, ते त्यातल्या त्यात लवकर होतं.

फक्त दिवाळीच्या आत जायला सांगा त्यांना. फॉर्मची गडबड सुरू झाली की ऑफिसच्या खिडकीपाशी उभं राहायला जागा मिळत नाही.